म्हाताऱ्यांचा जबाब जितेपणी लिहून घ्या



मागच्या महिन्यात आपल्या कळमनुरी तालुक्यातल्या एका वाडीवरचे बाबा गेले. वय कागदावर 85. खरं किती ते त्यांना बी माहीत नव्हतं. आंध समाजाचे, सारी हयात जंगलाच्या कडेला काढलेले, आणि आपल्या जमिनीच्या लढाईतले अगदी जुने गडी. नाव इथं छापत नाही. घरच्यांचा वनदावा अजून कचेरीत पडून आहे, लेकरांना उगं त्रास नको. ज्यांना वळखायचं त्यांनी वळखलंच असेल.

दहाव्याला माणूस लई जमला होता. भाषणं झाली. कोणी वाघ म्हणलं, कोणी लढवय्या म्हणलं. ते काही खोटं नव्हतं. पण त्या दिवशी जे बोलल्या गेलं नाही ते आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं, म्हणून हे लिहितो आहोत.

या बाबांनी वाडीवरच्या 11 घरांसाठी जबाब दिला होता. अमक्याचा बाप कोणत्या साली इथं नांगर धरू लागला, तमक्याचा आखाडा कोणत्या पळसाखाली होता, धुरा कुठून कुठं जातो, सगळं त्यांनी ग्रामसभेत उभं राहून सांगितलं आणि अंगठा दिला. त्यातल्या बऱ्याच घरांच्या हातात आज पट्टा आहे. बाबांचा स्वतःचा दावा मात्र "पुरावा अपुरा" म्हणून माघारी आला. कारण सरळ आहे. कायद्यात जबाब चालतो तो दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचा. बाबांची जमीन पहिल्यापासून बघितलेली दोन म्हातारी माणसं वाडीवर होती. ती दोघंबी कोरोनात गेली. ज्यानं सगळ्यांची साक्ष दिली, त्याची साक्ष द्यायला कोणी उरलं नाही.

म्हणून आमचं म्हणणं एकच आहे. आपल्याकडं जुना माणूस मेला की आपण त्याला आठवतो. तो जिता असतानाच त्याला लिहून ठेवलं पाहिजे. गेल्यावरचा हार त्याच्या कामाचा नाही अन् आपल्याबी कामाचा नाही.

बाबा कसे होते

बाबांना आठवायचं तर नुसतं मोर्च्यातले बाबा आठवून भागत नाही.

रझाकाराच्या काळात ते ढोरं राखायचे, दहा-एक वर्षांचे असतील. घोड्यांच्या टापा ऐकल्या की वाडीतली लेकरं नाल्याच्या कपारीत लपायची, हे ते सांगायचे. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाचं राज गेलं. पण निजामाच्या जंगलखात्यानं आखलेली रेघ काही गेली नाही. रेघ तीच राहिली, गार्डाची टोपी तेवढी बदलली.

बहात्तरच्या दुष्काळात बाबा आणि त्यांची कारभारीण खडी फोडायला होते. त्या साली ज्याच्याकडं पायाखाली इतभर जमीन नव्हती त्याचे काय हाल झाले ते त्यांनी बघितलं. दुष्काळ सरल्यावर आठ-दहा घरांनी मिळून जंगलाच्या कडेचं बरड वहितीला आणलं. दगडं येचून धुरे घातले. पहिल्या साली ज्वारी गुडघ्याएवढीच झाली, असं ते हसत सांगायचे.

मग गार्ड आले. कुऱ्हाडी नेल्या, नांगराचा फाळ नेला, दंड केला. बाबांनी दंडाच्या पावत्या पत्र्याच्या पेटीत ठेवल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण सरकारचा शिक्का असलेला कागद फेकायचा नाही एवढं कळत होतं. एकदा उभ्या तुरीत चर खोदला. बाबा चरात जाऊन बसले. पोलिसांनी उचललं, काही दिवस आत राहिले. बाहेर आल्यावर बघतात तर कारभारणीनं दोन लेकरं संगं घेऊन चराच्या अल्याड-पल्याड पुन्हा पेरलं होतं.

ही पेरणी कोणत्याच भाषणात येत नाही. बाबा आत होते ते आपण सांगतो. जमीन त्या दिवसांत पडीक पडली नाही, ती कोणामुळं, ते सांगत नाही. जमीन बाबांच्या लढ्यानं राहिली तशीच ती आजीच्या पेरणीनं राहिली. कायद्याला बी हे कळतं. वनहक्काचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं द्यायचा असं कलम 4(4) मध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. आपल्यालाच कधी कधी कळत नाही.

बाबांना दोन लेकी, दोन लेक. दिवाळी झाली की कोयता घेऊन ते टोळीसंगं उसाला जायचे. मुकादमाची उचल फेडायला एका साली कारभारणीचे वाळे गहाण पडले, पण धाकट्याला आश्रमशाळेतून काढलं नाही. मोर्च्याला ते हिंगोलीला आले, औरंगाबादला आले, मुंबईच्या आझाद मैदानात आले. पण दिवस कलायला लागला की त्यांची चुळबूळ सुरू व्हायची. "मोर्चा उद्या बी हाये, म्हैस आज पान्हा सोडंल," असं म्हणायचे. आम्ही पोरं हसायचो. पण त्यात त्यांचा सगळा हिशेब होता. जमीन कशाला पाहिजे? लेकरांसाठी, म्हशीसाठी, घरासाठी. झेंड्यासाठी जमीन नको होती, जमिनीसाठी झेंडा धरला होता.

आणखी एक गोष्ट. एका पैसेवाल्यानं अलीकडं जंगलाचा तुकडा धरला आणि "मी लई जुना आहे असा जबाब द्या" म्हणून बाबांकडं आला. बाबा म्हणले, "तुला तिथं नांगर धरलेला म्या बघितला नाही. बघितलं नाही ते सांगत नाही." माणूस चिडून गेला. पण त्यामुळंच बाबांच्या अंगठ्याला वजन होतं. कारण कायद्यात तारीख ठरलेली आहे. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून कब्जा पाहिजे. त्यानंतर घुसलेल्याला आपण खोटा जबाब दिला, तर उद्या आपल्या खऱ्या जबाबालाबी कोणी विचारणार नाही.

कायदा म्हाताऱ्याला काय समजतो

आपल्यातली शिकलेली पोरं म्हणतात, म्हाताऱ्याच्या बोलण्याला कोण विचारतो, कचेरीत उपग्रहाचा नकाशा मागतात. हे अर्धं खरं आहे. मागतात, पण कायदा तसं म्हणत नाही.

वनहक्क कायदा 2006 चा, नियम 2008 सालचे. त्यातला नियम 13 काढून बघा. पुरावा कशाला म्हणायचं त्याची यादी तिथं आहे. सरकारी कागद, नोंदी, कोर्टाचे हुकूम आहेत. त्यासंगं घर, झोपडी, जमिनीवर केलेली सुधारणा, बांध, बंधारे आहेत. जुन्या विहिरी आहेत, मसनवटा आहे, देवाच्या जागा आहेत. वंशावळ आहे. आणि दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाब आहे.

ही यादी वाचली तेव्हा आम्हाला वाटलं, हे तर बाबांचं घरच लिहिलेलं आहे. त्यांनी घातलेला धुरा, खणलेली विहीर, पोरांची नावं, बापाला पुरलेली जागा, पोळ्याला नारळ फोडायचा तो दगड. आपण म्हणतो बाबा लढवय्ये होते आणि संसारी बी होते, जशा काही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कायद्यापुढं लढाई जिंकायची ती त्यांच्या संसाराच्या खुणांवरच.

2012 साली नियमांत दुरुस्ती झाली. त्यात असं आलं की उपविभागीय समितीनं आणि जिल्हा समितीनं एखादाच ठराविक कागद पाहिजे असा हट्ट धरायचा नाही. उपग्रहाचा नकाशा बाकीच्या पुराव्याला जोड म्हणून चालतो, त्याच्या जागी चालत नाही. दावा नामंजूर केला तर कारण लिहून दावेदाराला कळवायचं. त्यावर 60 दिवसांत अपील करता येतं. आणि दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कोणाला जमिनीवरून काढता येत नाही, हे कायद्याच्या कलम 4(5) मध्येच आहे.

पण दुसरी बाजू बी सांगितली पाहिजे. एकटा जबाब पुरत नाही. ग्रामसभेनं एकापेक्षा जास्त पुरावे बघायचे असतात. जबाबासंगं दंडाची पावती असली, विहिरीचा पंचनामा असला, तर दावा उभा राहतो. जबाब बी नुसता "हा माणूस पूर्वीपासून कसतो" एवढा दोन ओळीचा असला तर त्याला कोणी बी खोडून काढंल.

आपला हिंगोली जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. मराठवाड्यात अनुसूचित क्षेत्र आहे ते तिकडं किनवटकडं. त्यामुळं पेसा कायद्याचा आधार आपल्याला नाही. कळमनुरीला आदिवासी प्रकल्पाचं कार्यालय आहे, पण गावांना पेसा नाही. म्हणजे आपल्या हातात मुख्य हत्यार वनहक्क कायदाच आहे, आणि त्या हत्याराची धार म्हणजे म्हाताऱ्या माणसांची याद.

आपल्या शेजारच्या तांड्यावरच्या, धनगरवाड्यावरच्या, दलित वस्तीतल्या माणसांना तर याची गरज आपल्यापेक्षा जास्त आहे. ते कायद्यात "इतर पारंपरिक वननिवासी" मध्ये येतात. त्यांना तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं इथं राहून जंगलावर जगत असल्याचं दाखवावं लागतं. 2005 मधून 75 वजा करा. 1930 साल येतं, पक्कं निजामाचं राज. त्या काळचा कागद गरिबाकडं कुठून असणार? बापाकडून, आज्याकडून ऐकलेलं सांगणारी शेवटची माणसं आत्ता जिती आहेत. दहा वर्षांनी नसतील.

ज्यांना विचारलं ते राहिले

म्हाताऱ्यांना विचारलं की काय होतं याचं एक उदाहरण सांगली जिल्ह्यातलं आहे. तिथल्या कुंडल गावचे रामचंद्र श्रीपती लाड, सगळे त्यांना कॅप्टन भाऊ म्हणत. इंग्रजांच्या काळात साताऱ्याकडं क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं, त्याच्या तुफान सेनेचे ते कॅप्टन. 7 जून 1943 ला शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी रेल्वे अडवली त्यात ते पुढं होते. त्याला कोणी लूट म्हणलं तर ते दुरुस्त करायचे. इंग्रजांनी जनतेचा पैसा चोरला होता, तो आम्ही माघारी आणला, असं त्यांचं म्हणणं.

स्वातंत्र्यानंतर ते आपल्या गावी, आपल्या कुटुंबात राहिले. नव्वदी पार झाल्यावर पत्रकार पी. साईनाथ त्यांच्या घरी गेले, बसले, विचारलं, लिहून घेतलं. मग बाहेरच्या जगाला कॅप्टन भाऊ कळले. 2018 मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा दिल्लीला निघाला तेव्हा या म्हाताऱ्यानं घरून पाठिंब्याचा निरोप पाठवला. 5 फेब्रुवारी 2022 ला ते वारले, शंभरीला काही महिने कमी होते. साईनाथांचं अशा शेवटच्या स्वातंत्र्यसैनिकांवरचं पुस्तक त्याच साली, ते गेल्यावर आलं. आधी विचारून ठेवलं नसतं तर त्यांच्या तोंडची हकीकत त्यांच्यासंगंच गेली असती.

आता आपल्याकडं या. वसमतला हुतात्मा बहिर्जींच्या नावानं कॉलेज आहे, चांगली गोष्ट आहे. दर 17 सप्टेंबरला हिंगोलीत झेंडा लागतो. पण त्या दिवशी आमच्या वाड्यांतलं एकबी नाव आम्ही कधी ऐकलं नाही. 1972 पासून केंद्र सरकार स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन देऊ लागलं, तेव्हा तुरुंगात होतो, भूमिगत होतो याचा कागद मागितला. भूमिगतांना भाकरी पोचवणाऱ्या बाईकडं कसला कागद असणार? कागद नव्हता म्हणून नाव नाही.

पलीकडं जुन्या आदिलाबादेत कुमराम भीमनं निजामाच्या जंगलखात्याविरुद्ध हत्यार उचललं आणि 1940 साली जोडेघाटला तो मारला गेला. त्याचं नाव राहिलं, कारण गोंड लोकांनी ते गाण्यात, जत्रेत, दरसालच्या पुण्यतिथीत जितं ठेवलं. तलासरीकडं वारली लोक दर 10 ऑक्टोबरला 1945 च्या गोळीबारात पडलेल्या जेठ्या गांगडची याद काढतात. म्हणजे आदिवासीला आठवता येत नाही असं नाही. आपल्या या भागात ते काम कोणी हाती घेतलं नाही एवढंच.

13 फेब्रुवारी 2019 ला सुप्रीम कोर्टानं दावे नामंजूर झालेल्यांना जंगलातून काढायचा हुकूम दिला होता. देशभर बोंब झाली, मग 28 फेब्रुवारीला त्याच कोर्टानं तो थांबवला. थांबवला, मिटवला नाही. आज ज्याचा दावा नामंजूर आहे त्याच्या डोक्यावर ती टांगती तलवार आहे. अशा वेळी म्हाताऱ्याचा जबाब ही नुसती आठवण नाही, ती चूल पेटती राहण्याची सोय आहे.

आता काय करायचं

टोळ्या उसाला जायच्या आधी, दसऱ्याच्या आत, हे काम झालं पाहिजे. एकदा माणसं गेली की वाडीवर म्हातारी आणि लेकरंच राहतात, लिहिणारं कोणी राहत नाही.

प्रत्येक वाडीनं सत्तरीच्या पुढच्या माणसांची यादी करावी. म्हाताऱ्यांसंगं म्हाताऱ्या बी. कोणत्या शेतात कोण खुरपायला होतं, कोणत्या साली कोणतं लेकरू झालं, हे बाईमाणसाला जास्त पक्कं याद असतं. बाबांची कारभारीण अजून जिती आहे, आणि बाबांनी ज्यांच्यासाठी जबाब दिला नव्हता अशा शेजारच्या चार घरांची जमीन तिनं पहिल्या पेरणीपासून बघितलेली आहे. त्या चार घरांनी आधी तिच्याकडं जावं.

साल विचारू नका, म्हाताऱ्याला साल सांगता येत नाही. रझाकाराच्या आधी का नंतर, बहात्तरच्या आधी का नंतर, आणीबाणीत का त्यानंतर, थोरल्या लेकीच्या लग्नाच्या आधी का नंतर, असं विचारा. मग साल आपोआप निघतं. कोणी पहिला नांगर धरला, काय पेरलं, धुऱ्यावर कोणतं झाड होतं, पाणी कुठून आणायचे, गार्डानं कधी काय नेलं, हे त्यांच्याच शब्दात लिहा. सुधरवून पुस्तकी करू नका. लिहिलेलं त्यांना परत वाचून दाखवा, मग अंगठा घ्या, आणि वनहक्क समितीच्या, ग्रामसभेच्या इतिवृत्तात त्याची नोंद करा. एक प्रत समितीकडं, एक दावेदाराकडं, एक संघटनेकडं. जमलं तर मोबाइलवर आवाज बी भरून ठेवा. आणि घरातली पत्र्याची पेटी उघडा. दंडाची जुनी पावती उंदरानं खाल्ली तर दुसरी मिळायची नाही.

ज्याचा दावा मंजूर झाला त्यानं "माझं झालं" म्हणून बसू नये. ज्यांच्या जबाबावर आपला पट्टा झाला त्यांचा दावा कुठं अडकला आहे ते त्यानं बघावं. बाबांच्या जबाबावर ज्या घरांना पट्टे मिळाले, त्यातल्या चार घरांतली साठीची माणसं आता बाबांच्या अपिलासाठी जबाब द्यायला तयार झाली आहेत. त्यांनी लहानपणी बापासंगं त्या शेतात दगडं येचली होती, म्हणजे त्यांनी बी डोळ्यानं बघितलेलं आहे. पेटीतल्या दंडाच्या पावत्या अपिलासंगं जोडायच्या आहेत. 60 दिवसांतले बरेच दिवस दुखवट्यात गेले. उरलेल्या दिवसांत अपील दाखल करायचं आहे, आणि पुढं पट्टा निघंल तो आजीच्या आणि लेकांच्या नावानं निघंल यासाठी वंशावळ आत्ताच जोडायची आहे.

ज्या वाडीवर लिहायला माणूस नाही त्यांनी बाजारच्या दिवशी निरोप द्यावा. आम्ही वही-पेन घेऊन येतो. मुक्काम करू, भाकर तुमची.